ब्रेक डान्स : फुटपाथवरून मंडपात



मुलांच्या कार्यक्रमात ब्रेक डान्स ठेवायचा की नाही, यावरून कमिटीत झालेला वाद आपण ऐकलाच असेल. विरोध करणाऱ्यांत मीच पुढे होतो. नंतर मुलाने बरेच काही ऐकवले, म्हणून आज उभा आहे.

११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला भाऊ, कूल हर्क. गाण्यातले शब्द थांबून नुसता ठेका उरतो, तो तुकडा म्हणजे 'ब्रेक'. पोरे त्याचीच वाट पाहतात हे त्याने हेरले आणि दोन तबकड्या आलटून पालटून लावत तो तुकडा लांबवला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय. गरीब वस्तीतली मुले; फुटपाथवर पुठ्ठा अंथरायचा आणि पाठीवर गरगर फिरायचे! (आपण ऐंशीच्या दशकात मारायचो ते झटके बहुतांशी कॅलिफोर्नियाचे 'पॉपिंग'.)

आणि आपले म्हैसूर? प्रभुदेवा इथलाच, जन्मही १९७३ चा. भरतनाट्यम शिकलेला हा मुलगा १९९४ च्या 'कादलन'मध्ये हाडे नसल्यासारखा नाचला. हिंदीत तोच 'हमसे है मुकाबला'. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगला पदकेही मिळाली.

तेव्हा माझा विरोध मागे. शनिवारी पुठ्ठा मी आणतो. स्टेजवरची सतरंजी तेवढी काढा, पोरांचे पाय अडकतात.