शेवटचा हात

जोते भरले, भिंती उभ्या राहिल्या, आढे चढले, म्हणजे घर झालेच असे लोक म्हणू लागतात. गवंडी तसे म्हणत नाही. अजून शेवटचा हात फिरावयाचा आहे, हे तो जाणून असतो. त्या वेळेस मालकाचा पैसा संपत आलेला असतो, पाऊस जवळ आलेला असतो आणि उत्साह तर केव्हाच ओसरलेला असतो. नेमक्या अशा अवस्थेत ज्या बारीकसारीक गोष्टी ठरवाव्या लागतात, त्यांवरच त्या घरात पुढे सुखाने नांदता येणार की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. कोकणात तर याचा पडताळा फार लवकर येतो. तेथील नवे घर पाहुणे मे महिन्यात पाहून वाखाणतात. राहणाऱ्यास ते जुलै महिन्यात कळते.

मुंबईची नोकरी संपलेल्या एका गृहस्थांनी गुहागर तालुक्यातील आपल्या गावी असेच घर बांधावयास काढले. जुने घर मोडकळीस आले होते आणि त्यात त्यांची ऐंशी वर्षांची आई एकटी राहत असे. नव्या घरातही बाराही महिने वास तिचाच होणार होता; चिरंजीवांचे कुटुंब मुंबईस असल्यामुळे त्यांचे येणे गणपतीस आणि उन्हाळ्यात. नकाशा मुंबईत तयार झाला. तो नीटस होता, हवेशीर होता, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांतून समुद्र दिसावा अशी त्यात योजना होती. आईस मात्र कोणी काही विचारले नव्हते.

एप्रिलच्या आरंभी वासे कापण्याची वेळ आली तेव्हा वादास तोंड फुटले. नकाशात पाखे भिंतीच्या पुढे एक फूट होते. गवंड्याने ते तीन फूट हवे म्हणून सांगितले. गृहस्थांचा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. उतरते छप्पर जितके पुढे न्यावे तितके ते खाली येते. तीस अंशांच्या उतारावर तीन फुटांची वळचण ठेवली, तर तिची कड भिंतीच्या माथ्यापासून सुमारे पावणेदोन फूट खाली उतरते. उजेड अडतो आणि समुद्राचा वरचा भाग खिडकीतून नाहीसा होतो. जुनी कोकणी घरे आतून काळोखी का, याचे अर्धे उत्तर या हिशेबात आहे. आपल्या वाडवडिलांस उजेडाचे वावडे होते असे नव्हे. त्यांना भिंत कोरडी ठेवावयाची होती.

या गोष्टीचे महत्त्व समजण्यास भिंत कशाची, हे पाहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि घरे बांधतात ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातील या दगडास 'लॅटेराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. नाव समर्पक आहे. कारण खाणीतून काढताना हा दगड कुऱ्हाडीने तोडता येतो आणि उघड्या हवेत राहून टणक होतो. परंतु तो सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि ऊन लागले म्हणजे ते पाणी परत सोडतो. ही त्याची देवघेव चालू राहिली पाहिजे.

गृहस्थांचा बेत भिंतींस बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर पांढरा रंग देण्याचा होता. सिमेंटचा गिलावा कठीण व घट्ट असतो. त्यास केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते. मग ते तितक्या सहजतेने बाहेर निघत नाही आणि आतल्या अंगास वाट काढते. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीस लोणा धरतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीस श्वास घेता येतो. पण कळीचा चुना विरवून खड्ड्यात मुरवावा लागतो आणि भिंतीवर चढल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश आवळतो. मृगास महिना-दीड महिना उरला असता त्यावर भरवसा कोणी ठेवावा? शेवटी गवंड्यानेच मार्ग काढला. बाहेरचे चिरे उघडेच ठेवावे, दरजा नीट भराव्या, आणि ठोकून पाहता जे चिरे खणखणत नाहीत ते पश्चिमेच्या भिंतीतून बदलून टाकावे. पांढरे घर हवे होते, ते तांबडे राहिले. आतून चुन्याची सफेती झाली.

वळचणीचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत घरांची छपरे उडवून दिली, ही आठवण गृहस्थांच्या मनात ताजी होती. लांब वळचण म्हणजे वाऱ्याच्या हाती आयती दिलेली मूठ! त्यांचे हे म्हणणे गवंड्यानेही मान्य केले. तेव्हा पुढे आलेल्या वाशांस खांबांचा आधार द्यावयाचा, वासे खांबांस लोखंडी पट्ट्यांनी जखडावयाचे आणि कडेच्या ओळींतील कौले तारेने रिपांस बांधावयाची, असे ठरले. मंगळुरी कौलांच्या पोटाशी तारेसाठी भोक पाडण्याची सोय असते. हे कौल १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पू येथे कारखाना काढून प्रचारात आणले, आणि सबंध पश्चिम किनाऱ्याने ते आपलेसे केले. परंतु तार बांधण्याचा आळस बहुतेक सर्वत्र होतो.

खांब आले म्हणजे खर्च आला. हाताशी शिल्लक होती ती फाटकाची. रस्त्याच्या अंगास चिऱ्यांचे दोन खांब, सागवानी फाटक आणि त्यावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी, असा गृहस्थांचा फार दिवसांचा संकल्प होता. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने त्यांना हाक मारली.

"पाटी कोण वाचणार रे? तुझ्या बाबांना सारा गाव ओळखतो. मला मात्र त्या पडवीत बसून पाऊस काढायचा आहे."

त्यानंतर आईस विचारल्यावाचून काही करावयाचे नाही असा जणू नियमच झाला. गुळगुळीत पांढऱ्या फरश्यांचा बेत तिने ऐकताच मोडून काढला. दमट हवेत थंड गुळगुळीत जमिनीस घाम सुटतो, आणि म्हातारपणी मोडलेले हाड जुळणे कठीण. पडवीत व न्हाणीघरात खरबरीत शहाबादी फरशी आली, माजघरात तांबडा कोबा. सुनेने हौसेने सारवलेल्या जमिनीची गोष्ट काढली होती. शेणाच्या जमिनीचे गोडवे गाणारांत ती सारवणारे क्वचितच असतात. आईने नुसते आपले गुडघे दाखविले. उंबरठ्यांच्या बाबतीत तिने तडजोड केली. पुढच्या दाराचा उंच उंबरठा पाण्यासाठी व सरपटणाऱ्या जनावरांसाठी राहू दिला, आतले सगळे काढावयास लावले. अंगणातून पडवीवर येण्यास तीन उंच पायऱ्या होत्या, त्यांच्या जागी सहा इंची पाच झाल्या. पुढच्या दाराच्या चौकटीस तिच्या खांद्याच्या उंचीवर एक लाकडी मूठ बसविली गेली. ती नेमकी कोठे असावी हे पाहण्यासाठी सुताराने तिला चार वेळा आतबाहेर करावयास लावले, आणि चौथ्या वेळी ती त्याच्यावर रागावली.

रंग, दिवे, बिजागऱ्या यांविषयी मग कोणी फारसे बोलले नाही.

जुलैत सलग नऊ दिवस पाऊस लागला. पश्चिमेच्या बाजूस नारळीच्या विणलेल्या झापांची झड बांधली होती, तरी वाऱ्याबरोबर तुषार येतच. पागोळ्या मात्र जोत्यापासून दीड हात दूर पडत होत्या आणि भिंतीचा तळ कोरडा होता. माजघर काळोखी झाले आहे, दुपारीही दिवा लावावा लागतो, अशी तक्रार आईने मुंबईस फोनवरून केली. ती खरी होती. गृहस्थांनी कौलांत दोन काचेची कौले बसविण्याचे कबूल केले आणि दिवाळीनंतर ती बसविलीही. फाटकाच्या जागी गडग्यात अद्याप बांबूचे बेडे आहे. ते दर दोन वर्षांनी नवे करावे लागते.