घरचा कॉम्प्युटर हळू का चालतो?



सरकारी नोकर वेग वाढवण्यावर बोलणार, हे ऐकून पहिल्या रांगेतले काका हसले, ते आम्ही पाहिलं. हसणं रास्तच आहे. पण कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. फाइल अडली की ती कुठल्या टेबलावर अडली, हे आधी बघावं लागतं. सगळ्या कचेरीला रंग लावून फाइल पुढे सरकत नाही. कॉम्प्युटरचंही अगदी तसंच आहे. तो हळू झाला की आपण म्हणतो, 'व्हायरस आला', नाहीतर 'जुना झाला, काढून टाका'. नेमकं कुठे अडलं, हे मात्र कोणी बघत नाही.

आपण बडोदेकर, म्हणून उदाहरणही बडोद्याचंच घेऊ. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यातल्या वाचनालयांची घडी बसवून घेतली. तिथे खाली टेबलं, आणि पुस्तकांची कपाटं मजल्यांवर मजले. कपाटांच्या त्या मजल्यांना काचेच्या लाद्या, म्हणजे उजेड खालपर्यंत पोहोचावा. आता समजा, वाचणारा माणूस म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर. त्याच्यासमोरचं टेबल म्हणजे रॅम. आणि पुस्तकांची कपाटं म्हणजे हार्ड डिस्क.

टेबल मोठं असेल तर दहा पुस्तकं एका वेळी उघडून ठेवता येतात. टेबल लहान असेल तर एक ठेवायचं, दुसरं आणायचं, पुन्हा पहिलं आणायचं. वाचणारा कितीही हुशार असला तरी त्याचा सगळा वेळ शिपायाची वाट बघण्यात जातो. घरच्या बहुतेक जुन्या कॉम्प्युटरचं दुखणं हेच असतं. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो, आणि शिपाई जिन्यावर धापा टाकत असतो.

म्हणून पहिलं काम, निदान. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे टक्क्यांत दिसतात. कॉम्प्युटर अडखळत असतानाच ते बघायचे. डिस्कचा आकडा बराच वेळ शंभरावर असेल तर शिपाई दमलाय. मेमरी नव्वदीच्या आसपास असेल तर टेबल लहान पडतंय. सीपीयूच सतत वर असेल तर एखादा प्रोग्रॅम मागे बसून काम खातोय, आणि त्याचं नाव तिथेच खाली लिहिलेलं असतं.

आता उपाय सांगायचे. पण त्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची सूचना तिच्यात आहे.

२०१३ साली घेतलेला आमचा कॉम्प्युटर पुढे इतका हळू झाला, की बटण दाबून चहा करायला जावं आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावर गोल फिरतच असावं. आम्ही इंटरनेटवरून वेग वाढवणारं एक मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्याने हजारभर चुका दाखवल्या आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागितले. पैसे दिले नाहीत, पण ते सॉफ्टवेअर तिथेच बसून राहिलं आणि कॉम्प्युटर आणखी मंदावला. मग आम्ही रात्री डिस्क डिफ्रॅगमेंट करायला लावली. म्हणजे कपाटांतली विखुरलेली पुस्तकं ओळीने लावायचं काम. त्या आधी महिनाभर डब्यातून टिक-टिक असा आवाज येत होता. त्याकडे आम्ही, डिप्लोमा केलेली माणसं, लक्ष दिलं नाही. ती डिस्क मरणाला टेकली होती. तिला विश्रांतीची गरज असताना आम्ही रात्रभर सगळी पुस्तकं वर-खाली करायला लावली. सकाळी ती सुरूच झाली नाही.

दुरुस्ती करणाऱ्याने पुष्कळ खटपट करून बरेचसे फोटो काढून दिले. पण आई पहाटे म्हणायची त्या भूपाळ्या आम्ही मोबाइलवर टिपून त्याच डिस्कवर ठेवल्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. आई तेव्हा नव्हती. दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती, कारण 'कॉम्प्युटरमध्ये आहे ना' असं आम्हाला वाटत होतं.

तेव्हा सूचना पहिली. वेग वाढवण्याआधी प्रत काढा. फोटो, आवाज, दस्तऐवज, मुलांची प्रमाणपत्रं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले कॉम्प्युटरचे डबे घरोघरी बुडाले. ज्यांची प्रत त्याच टेबलाच्या खणात होती, त्यांची प्रतही गेली. डबा जमिनीवर ठेवू नका, हेही ओघाने आलंच. टिक-टिक आवाज येत असेल तर बाकी काही न करता आधी महत्त्वाचं सामान बाहेर काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. तो 'कॉशन' किंवा 'बॅड' म्हणाला की डिस्क बदलायची, चालढकल करायची नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. आपल्याकडची मराठी कागदपत्रं, मंडळांची जुनी इतिवृत्तं, कुणाची वंशावळ, कुणाच्या कविता, ही पुष्कळदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. तो फाँट कॉम्प्युटरवर नसेल तर ती फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला की वेग येतो, पण फाँट जातो, आणि आजोबांनी लिहिलेली वंशावळ घरात असून वाचता येत नाही. म्हणून फॉरमॅटपूर्वी फाइलींबरोबर फाँटचीही प्रत घ्या. शक्य असेल तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि त्याची पीडीएफही करून ठेवा.

आता बिनपैशाचे उपाय. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण आपोआप जागं होतं, त्याची ती यादी. दहा-बारा नावं असतात, त्यातली निम्मी तरी लागत नाहीत. जी ओळखीची आणि बिनगरजेची आहेत ती बंद करा. न ओळखणाऱ्याला हात लावू नका. दुसरं, वापरात नसलेले प्रोग्रॅम काढून टाका. अँटीव्हायरस एकच ठेवा. दोन पहारेकरी एकमेकांनाच अडवतात. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतोच. तिसरं, सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. पाचवा हिस्सा तरी मोकळा हवा. चौथं, ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय सोडा, कारण प्रत्येक टॅब टेबलावर जागा अडवतो.

पाचवं गमतीचं आहे. रोज रात्री 'शट डाउन' करणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटर रोज ताजा सुरू होतो. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तसं होत नाही. बंद करताना तो स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तोच परत उचलतो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

सहावं, धूळ. आपल्याकडे उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. पंख्यावर धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून आपण होऊन वेग कमी करतो. वायर काढून, डबा उघडून, मऊ ब्रशने धूळ झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

एवढं करून भागलं नाही तर थोडा खर्च. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर एक दांडा सरकत असतो. एकेक तुकडा शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ऐकायला कमी वाटतं, पण सुरू होताना असे हजारो तुकडे शोधायचे असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही. तेच काम ती सुमारे शंभरपट लवकर करते. आमच्या त्याच २०१३ च्या कॉम्प्युटरला आम्ही एसएसडी बसवली. चार मिनिटांत सुरू होणारा तो अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला लागला. तेव्हा वाटलं, हा खर्च आधी केला असता तर. असो. एसएसडी मात्र डिफ्रॅगमेंट करायची नसते. तिची निगा विंडोज आपलं आपण राखतं.

मेमरीचा आकडा वर राहत असेल तर रॅम वाढवा. आठ जीबी घरच्या कामाला पुरते. डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही, म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी बरोबर न्या. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वरची रॅम वायाच जाते, हे आधी तपासा.

शेवटी सध्याची काळजी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा बंद झाली. अनेकांना सांगितलं जातंय, की कॉम्प्युटर फेकून द्या. घाई करू नका. त्या दिवशी तो बंद पडला नाही. घरगुती वापरासाठी सुरक्षेची मुदत एक वर्षाने, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढवून घ्यायची सोय २०२५ मध्ये दिली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. ज्याच्याकडे ते नाही, त्याने लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवून बघावी. पत्रव्यवहार, इंटरनेट, मराठी टायपिंग, सगळं तिच्यात होतं. मात्र 'तुमच्या विंडोजमध्ये बिघाड आहे' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कंपनी आपण होऊन असा फोन करत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

बंधु-भगिनींनो, आज घरी गेल्यावर फक्त दोन गोष्टी करा. तीन बटणं दाबून ते तीन आकडे बघा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज कुठल्या यंत्रात आहे, त्याची दुसरी प्रत आहे का, ते बघा. आवाज टिपलेलाच नसेल तर आरतीच्या वेळी टिपून घ्या. कॉम्प्युटर हळू असला तरी चालेल, तो उद्याही दुरुस्त होईल.

गणपती बाप्पा मोरया!