इन्सुलिन घरी येतं तेव्हा

लहान मुलांनाही मधुमेह होतो, हे आम्हाला नातवामुळे कळलं. वय नऊ. सारखी तहान, रात्रीतून चार-चारदा लघवी, झपाट्याने उतरलेलं वजन. आठ दिवस त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. रात्री सूनबाई थांबे, दिवसा मुलगा, डबा माझ्याकडे. तिथल्या सिस्टरांनी आम्हा तिघांनाही इंजेक्शन द्यायला शिकवलं.

टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबतं. ते बाहेरूनच द्यावं लागतं. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत.

खरी परीक्षा घरी आल्यावर. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७०च्या खाली दिसली, की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली, तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. हे वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवलं आहे.

‘गोड खाऊन झालं असेल’ म्हणणाऱ्यांना मी सांगते, हा आजार तसा होत नाही. ‘बिचारा’ हा शब्द मात्र घरातून हद्दपार केला. नातू पुन्हा क्रिकेट खेळतो. खिशात ग्लुकोजची पुडी असते, इतकंच.