गौण कुणाला?

ग्वाल्हेरमध्ये मराठी शिकवताना एक सरकारी शब्द मला खुपतो: ‘गौण खनिज’. १९५७च्या खनिज कायद्यानुसार साधी वाळू आणि रेव त्यातच मोडतात. पण मुरैन्यापलीकडे चंबळकाठी हीच वाळू घडियालाची, म्हणजे आपल्या सुसरीची, बाळंतखोली आहे. मार्च-एप्रिलमध्ये मादी उंच वाळूत खड्डा करून अंडी घालते; पावसाळ्याआधी पिल्ले निघतात. उपशाचा ट्रॅक्टर त्यावरून गेला, तर त्या वर्षीची वीण संपली. हा प्राणी जगभर अतिसंकटग्रस्त गणला जातो. खाणीच्या प्रस्तावावर हरकती मागवतात, तेव्हा आपण लेखक-शिक्षकांनी गप्प बसू नये. विणीचे काठ उपशातून वगळा, असे सोप्या भाषेत लिहून द्यावे. गावकऱ्यांनाही लिहायला मदत करावी.