मासे पहाटेच का मरतात? घरच्या तळ्याचं पाणी समजून घेताना

मी लखनौच्या तेलीबागेतून बोलतोय. आमच्याच भागात, कॅनॉल रिंग रोडवर, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. 1983 साली अलाहाबादला सुरू झालेली ही संस्था पुढे लखनौला आली. देशातल्या माशांच्या जाती जपण्याचं, त्यांचा अभ्यास करण्याचं काम तिथे चालतं. एवढी मोठी संस्था शेजारी, आणि माझ्या परसातल्या तळ्यात मात्र एका श्रावणात 9 मासे मेले. तीच गोष्ट आज सांगतो.

तळं लहानच. 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 3 फूट खोल. म्हणजे 240 घनफूट, सुमारे 6,800 लिटर पाणी. हा हिशेब तुम्हीही आधी करून ठेवा, पुढे लागणार आहे. त्यात रोहू आणि कटला सोडले होते. पाणी छान हिरवं झालं होतं आणि मी खूश होतो.

आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. एका पहाटे शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली, "भैया, मछलियाँ ऊपर मुँह मार रही हैं!" धावत गेलो, तोवर काही उलटे तरंगत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, काल तर तुम्ही पाणी तपासलं होतं ना?" तपासलं होतं, आणि सगळं उत्तम आलं होतं. पण तपासलं होतं दुपारी दोन वाजता. चूक तिथेच होती.

पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा उन्हात हे शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र शेवाळ, मासे, तळाचा गाळ असे सगळेच तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ असेल तर दिवसाची कमाईच कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मावतोही कमी: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात. आपल्या माशांना 5 तरी हवा. 3 च्या खाली गेला की ते पृष्ठभागावर येऊन तोंड मारू लागतात.

दुसरी गोष्ट अमोनियाची. मासे तो कल्ल्यांतून टाकतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो होतो. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, पण त्यातला विषारी भाग किती हे पीएचवर ठरतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, 8 ला सुमारे 5 टक्के आणि 9 ला तब्बल 36 टक्के. हिरव्या पाण्यात पीएच संध्याकाळी सर्वांत वर असतो. म्हणून प्राणवायू पहाटे तपासा, अमोनिया संध्याकाळी, आणि पीएच दोन्ही वेळा.

तिसरं नायट्राइट. नव्या तळ्यात अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात नायट्राइट वाढतं आणि माशाचं रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं. अशा वेळी साधं मीठ उपयोगी पडतं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. आमच्या तळ्याला म्हणजे साडेतीन ते पावणेसात किलो. बघा, हिशेब लागला की नाही!

चौथी क्षारता. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो; असं पाणी पीएच सांभाळून धरतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, तिथे पीएच लवकर डळमळतो. त्यामुळे माझे आकडे तुमच्या तळ्याला जसेच्या तसे लावू नका.

आता, मासे वर आलेच तर काय करायचं? खाद्य ताबडतोब बंद. हवा देणारा पंप चालू. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, पण बोअरचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन आधी घालवा.

किट नसेल तर कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय; रात्री पंप बंद ठेवू नका.

आमच्याकडे आता तळ्याची वही आहे. मुलगी लिहिते. पहिला रकाना तारखेचा, आणि दुसरा, पीएचच्याही आधी, वेळेचा. तो दुसरा रकाना आम्हाला 9 माशांनी शिकवला. तुम्हाला तो फुकट मिळतोय, जरूर वापरा.