अटकाव किती हवा? उशिरा क्लॅरिनेट शिकणाऱ्यांसाठी



मी सैन्यातून निवृत्त झालो आणि त्यानंतर क्लॅरिनेट हातात घेतलं. नोकरीत असताना बँड भरपूर ऐकला. आपल्यापैकी अनेकांनी २९ जानेवारीला विजय चौकातली बीटिंग रिट्रीट टीव्हीवर पाहिली असेल. त्या बँडमध्ये काळ्या क्लॅरिनेटची रांग असते, तिकडे माझं लक्ष नेहमी जायचं. तेव्हा वाजवायला सवड नव्हती. आता सवड आहे, पण दात, जबडा आणि फुप्फुसं साठीतली आहेत.

आजचा विषय छोटा आहे, पण वर्षभर वाजवून झालेल्या प्रत्येकाला तो गाठतोच. सुरुवातीला आपण दीड किंवा दोन नंबरची रीड लावतो. आवाज लगेच निघतो, हुरूप येतो. मग काही महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. आवाज पातळ येतो, खालचे सूर करकरतात, वरचे सूर उतरतात आणि जोर लावून फुंकलं की आवाज चक्क बंद होतो. म्हणजे तुमचा श्वास आणि ओठ आता बळकट झाले आहेत आणि समोर त्यांना तोलून धरणारं काही उरलेलं नाही. इंग्रजीत याला रेझिस्टन्स म्हणतात. मी आज अटकाव म्हणतो.

अटकाव म्हणजे काय? रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात एक मिलिमीटरच्या आसपास फट असते. आपली हवा तिथून आत जाते आणि रीड ती फट उघडझाप करते. रीड फार मऊ असली तर ओठाच्या दाबानं ती फट मिटते आणि आवाज तुटतो. रीड पुरेशी ताठ असेल तर ती दाब सोसून परत उघडते. बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटवर रजिस्टर की दाबली की खालच्या ‘सा’वरून थेट वरच्या सप्तकातला ‘प’ लागतो. एवढी मोठी उडी मारून वर टिकायचं, तर रीडला कणा हवा.

मात्र काहीही बदलण्याआधी वाद्य तपासा. पॅडमधून हवा गळत असेल तरी खालचे सूर जड लागतात, आणि तो अटकाव काही कामाचा नसतो. खालचा भाग सुटा करा, सगळी भोकं बोटांनी आणि पॅडनी झाका, एक टोक तळहातानं बंद करा आणि दुसऱ्या टोकातून हवा ओढून घ्या. ओढ चार-पाच सेकंद टिकली पाहिजे. वरच्या भागाचंही तसंच. ओढ लगेच सुटली, तर आधी दुरुस्ती करून घ्या, रीडचा विचार नंतर.

आता अटकाव वाढवायच्या जागा बघू. सोप्या आणि स्वस्त जागा आधी घेतो.

पहिली जागा फुकटातली आहे. रीड बसवताना तिच्या टोकावर माउथपीसची काळी कडा केसभर दिसते. रीड तेवढीच केसभर वर सरकवली की अटकाव किंचित वाढतो. खाली सरकवली की कमी होतो. नवी रीड मागवण्याआधी हे करून बघा.

दुसरी जागा रीडचा नंबर. दोनवरून अडीच, अडीचवरून तीन, असं अर्ध्या पायरीनं चढा. पण नंबरावर आंधळा विश्वास नको. एका कंपनीचा अडीच दुसऱ्या कंपनीच्या अडीचसारखा नसतो. एकाच कंपनीच्या दोन प्रकारांतही फरक जाणवतो. रीड वेतासारख्या बोरूपासून बनते, त्यामुळे एकाच डबीतल्या दहांपैकी दोन ताठ आणि दोन मऊ निघणार हे धरूनच चाला. एका रीडवरून निर्णय घेऊ नका, निदान चार वाजवून बघा. नवी रीड पहिले काही दिवस दहा-दहा मिनिटंच वाजवायची, मग ती स्थिरावते.

तिसरी जागा माउथपीस. टोकाची फट जितकी मोठी, तितका त्याच रीडवर अटकाव जास्त. यामाहाचा ४सी आणि व्हॅन्डोरेनचा बी४५ हे दोन्ही आपल्याकडे सहज दिसतात. बी४५ची फट १.१९५ मिलिमीटर आहे, ४सीची त्याहून लहान. म्हणून ४सीवर तीनची रीड वाजवणारा बी४५ लावल्यावर बहुधा अडीचवर येतो. इथेच बरेच जण अडकतात. मोठ्या फटीचा माउथपीस आणि ताठ रीड एकाच दिवशी लावतात, आणि मग महिनाभर नुसती हवा फुसफुसते.

लिगेचर आणि बॅरल यांनीही थोडा फरक पडतो. पण आपल्या पातळीवर त्यात पैसे घालायची घाई नको.

रायफल झिरो करताना जवान एक गोळी झाडून लगेच साइट फिरवत नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप बघतो, मग एकच बदल करतो, पुन्हा ग्रुप बघतो. इथेही तसंच करा. एक बदल, एक आठवडा, आणि वहीत नोंद. रोजच्या चाचण्या तीनच ठेवा. एक, मधला एक सूर हळू सुरू करून वाढवायचा आणि परत हळू करायचा, ट्यूनर समोर ठेवून. जोरात वाजवल्यावर सूर बराच उतरला तर रीड मऊ आहे. दोन, खालच्या रजिस्टरमधून वरच्यात दहा वेळा जायचं. तीन, अगदी हलक्या आवाजात सूर सुरू करायचा. तो उशिरा निघाला किंवा आधी नुसती हवा आली, तर अटकाव जास्त झाला.

हवामानाचीही नोंद ठेवा. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यातली रीड आणि कोकणातल्या आषाढातली रीड यांच्या वागण्यात फरक असतो. डोंगराळ भागात, उंचीवर तीच रीड ताठ वाटते. बदली झाल्यावर किंवा मुलाकडे दोन महिने राहायला गेल्यावर लगेच माउथपीस बदलायला धावू नका.

आता साठीबद्दल. उंचावरच्या तैनातीआधी सैन्यात टप्प्याटप्प्यानं सवय करून घेतात. ९००० ते १२००० फुटांवर सहा दिवस, पुढच्या टप्प्याला चार, त्याच्या पुढे आणखी चार. धडधाकट पंचविशीतल्या जवानालाही यातून सुटका नाही, मग आपल्याला कशी असेल? अटकावाविरुद्ध फुंकताना छातीत आणि डोक्यात दाब वाढतो, डोळ्यांतलाही दाब तेवढ्यापुरता वाढतो. काचबिंदू असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, हर्निया असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर रीडचा नंबर चढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. कवळी किंवा हलणारा दात असेल तर दंतवैद्यांना वाद्य दाखवा. वरचे दात माउथपीसवर टेकतात, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. वाजवताना चक्कर आली, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं. त्यात शौर्य दाखवायचं नसतं.

मग थांबायचं कुठे? माझी कसोटी साधी आहे. वीस मिनिटांनी पोटाचे स्नायू थकले तर अटकाव योग्य आहे. जबडा दुखला, खालच्या ओठाच्या आत दातांचे वळ उठले, तर तुम्ही श्वासाचं काम चाव्यानं करून घेताय. अर्धा नंबर खाली या. तीन, साडेतीन हे आकडे खांद्यावरचे तारे नव्हेत, ते वाढले म्हणून कुणाला बढती मिळत नाही. अडीचवर गोल, स्थिर आवाज येत असेल तर आयुष्यभर अडीचवर वाजवा. ऐकणाऱ्याला तुमच्या रीडचा नंबर दिसत नाही, त्याला सूर ऐकू येतो.

या आठवड्यात फक्त एक करा. आहे तीच रीड केसभर वर सरकवा आणि त्या तीन चाचण्या वहीत लिहून काढा. नवी डबी त्यानंतर मागवा.

जय हिंद.