गळा आणि त्याच्या आडवाटा



 डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. आणि गाण्याचंही. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच, दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. गळ्यातल्या धमन्यांवर बोलायला याहून योग्य गाव मला सुचत नाही.

पुस्तकात गळा एकच असतो. कॉमन कॅरॉटिड धमनी थायरॉइड कूर्चेच्या वरच्या काठाशी दुभंगते, हे आपण घोकलेलं. विच्छेदनाच्या टेबलावर ती कधी थेट हायॉइड हाडाशी दुभंगलेली सापडते, कधी पार खाली. शंभरातल्या एखाद्याची उजवी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून डावीकडून निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. अशा माणसाला कधी घास उतरत नाही. डेव्हिड बेफर्डने अठराव्या शतकातच हे नोंदवलं. पण मला जास्त धास्ती वाटते ती आवाजाची. धमनी अशी गेली, की उजव्या स्वरनाडीला खाली वळसा घ्यायला काही उरतच नाही. ती वरूनच आडवी स्वरयंत्रात शिरते. हे ठाऊक नसलेला सर्जन थायरॉइड काढताना तिला रक्तवाहिनी समजून बांधू शकतो. गाठ निघते आणि गळा बसतो, कायमचा. या गावात त्याचा अर्थ सांगायला नको.

एक आठवण सांगतो. मी निवासी डॉक्टर होतो. रात्रीची ट्रॅकिओस्टॉमी, घाईची. श्वासनलिकेसमोर मधोमध चीर दिली आणि रक्त उसळलं. जखमेत बोट दाबून मी उभा राहिलो. बोटाखाली ठोका लागत होता. सर धावत आले, त्यांनी चिमटा लावला, रुग्ण वाचला. ती थायरॉइडिया इमा ही धमनी होती. पहिल्या वर्षी तिच्यापुढे मी पेन्सिलीने ‘क्वचित’ लिहून पान उलटलं होतं. काही पाठ्यपुस्तकं तिचं प्रमाण शंभरात दहापर्यंत देतात. तो शब्द मी नंतर खोडला.

म्हणून यजमान या नात्याने एकच मागणं. विच्छेदनगृहात वेगळी धमनी दिसली, की आपण फोटो काढतो, निबंध लिहितो. त्याच दिवशी शस्त्रक्रिया विभागातल्या कुणाला तरी बोलावून ती दाखवा. त्याला बोटाने चाचपू द्या. उद्या सकाळच्या सत्रात सर्जन आणि शरीररचनेचे शिक्षक एकाच टेबलाभोवती उभे राहतील, अशी व्यवस्था आम्ही मुद्दाम केली आहे.

पहिल्या रांगेत देहदात्यांचे कुटुंबीय बसले आहेत. काका, मावशी, ताई, तुमच्या माणसांनी आम्हाला गळा शिकवला. उद्‌घाटनाचा दिवा तुमच्या हातून लागावा अशी आमची इच्छा आहे. कृपया वर यावं.